कोपऱ्यातला छोटा दात

नारायण पेठेतल्या दातांच्या दवाखान्यात सलिल नंबराची वाट बघत बसला होता. भिंतीवरचं दातांच्या कार्टूनचं पोस्टर त्यानेच काढलेलं. त्याखाली एक मुलगी मामाशी बोलत होती.

"मामा, हा गॉगलवाला दात बोअर आहे."

"का गं अवनी? ब्रश कसा तलवारीसारखा धरलाय बघ!"

"त्याला काही होणारच नाहीये. मग त्यात काय भारी?"

"मग भारी कोण?"

"तो कोपऱ्यातला छोटा. जाम घाबरलाय, तरी पळत नाहीये."

तो छोटा सलिलने निव्वळ रिकामी जागा भरायला काढला होता.

"तूही घाबरलीस वाटतं. किती घट्ट धरलायस माझा हात!"

"मी कशाला घाबरू? दाढ तुझी काढायचीये. मागच्या वेळी हात सोडला, तर तू सरळ घरी निघून गेलास."