वरचे दात त्यांचे, खालचे माझे

…नाही नाही, तोंड मिटू नका! उत्तर माझं मीच देते, तुम्ही नुसतं ऐका. ही ओठ ताणायची चौकट जरा टोचेल, पण दात कोरडे राहायला हवेत. तर काय विचारत होतात — तार अडकवायची ही ब्रॅकेट एकेक चिकटवलेली बरी की सगळी एकदम? मी एकेक लावते. चिमट्यात धरायचं, दातावर टेकवायचं, नीट बघायचं, वर हा निळा दिवा धरला की चिकटलं पक्कं — झालं! पलीकडच्या खोलीतले आमचे डॉक्टर आहेत ना, त्यांची तऱ्हा वेगळी. ते आधी दातांचा साचा घेतात, निवांत बसून त्यावर सगळी ब्रॅकेट लावतात, वरून मऊ ट्रे बनवतात, आणि तो ट्रे तोंडात बसवला की सगळी एकदम दातांवर. पेशंटचा वेळ वाचतो म्हणे. म्हटलं, आणि लाळ शिरली म्हणजे? तर म्हणतात, तुम्हाला मागची दाढ नीट दिसते तरी का? दिसते का म्हणजे!

मग म्हटलं, होऊन जाऊ दे. एकच तोंड — वरचे दात तुमचे, खालचे माझे. पण तोंड देणार कोण? माझी आई! हसू नका, ओठ हलतोय. साठी उलटलेली बाई, पण हिरड्या ठणठणीत. दात पुढे म्हणून जन्मभर तोंडावर हात ठेवून हसली. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा — हो, झालं होतं माझं लग्न, टिकलं नाही, ते जाऊ दे — त्यातसुद्धा हात तोंडावरच. म्हणाली, “करा काय करायचं ते, मला एकदा हात खाली ठेवून हसायचंय.”

या डॉक्टरांचं चटकन आटोपलं. पण ट्रे सोलून काढला तर दोन ब्रॅकेट त्यातच! मी कसली खूश! मग माझी पाळी. माझं एकही निघालं नाही — पण एवढा वेळ लागला की आईचा जबडा आखडला, आणि मागच्या दाढेवरचं चक्क तिरकं बसलं. हे हसले नाहीत हो. “काकू, दुखतंय का?” म्हणत तिचा गाल चोळत बसले. तोंड मोकळं झाल्यावर आई काय म्हणाली असेल? “यांच्याशी भांडताना तू जेवढी खूश असतेस ना, तेवढी एरवी कधी दिसत नाहीस.” यांच्यासमोर! हे कानापर्यंत लाल, आणि मी — मी उगाच सिंक घासायला लागले.

आता तिचे दात सरळ झालेत. गेल्या आठवड्यात तारा काढल्या आणि आरशासमोर हात मांडीवर ठेवून हसली — एवढी हसली की शेवटी यांनाच डोळे पुसावे लागले.

आणि काल हे म्हणतात, दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यातून बोलावणं आलंय, जाऊ का? मला का विचारायचं? मी आपलं म्हणून टाकलं, तुमची मर्जी. मर्जी कसली! ‘नका जाऊ’ म्हणायचं होतं मला, जिभेवर आलं होतं अगदी. मी भांडू कुणाशी मग? हात कशाला हलवताय? दुखतंय? मागे? मागे काय —

अहो… तुम्ही कधीपासून उभे आहात दारात?

…ताई, ही चौकट काढते. जरा बाहेरच्या बेसिनवर जाऊन चूळ भरून या. आणि हो, सावकाश भरा. दार लोटून घ्या जाताना.