गोंदणाले नाव लागते का?

नाई नाई, उतरू नको मोतीलालभाऊ, शिडीवरच राहा — चुन्याची बादली मीनंच आणली, हे घे, अन माहं तोंड पूस त्या भिंतीवरून. वरचं ‘येशू तारतो’ राहू दे, त्याच्याशी माहं भांडण नाई. बिडीवाला भिंत रंगवते, तेलवाला रंगवते, मंग आपण देवाचं नाव काऊन लपवावं — पाळकसाहेब सभेत असं म्हणाले, तवा पह्यली टाळी माहीच होती. पण नाव म्हणलं होतं, बाप्पा! माहं घर रंगवा नोतं म्हणलं!

बायाबायांत साक्ष दिलती मीनं — देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगाचं, आमच्यात तिले साक्ष म्हणतेत. दार लावून. माहा नवरा जंगलू पेत होता, त्यानं मले चुलीवरला तवा फेकून मारला, सारं सांगतलं, रडली बी. पाळकीणबाई आपल्या पदरानं माहे डोळे पुसत होती — अन तिनंच नवऱ्याले सांगतलं, अन त्यानं तुले! ‘दारुड्याच्या घरातून मला सोडवले’ — केवढाली अक्षरं! अन वरून पाळकसाहेब म्हणतेत, नाव कुठं टाकलं, जिजाबाई? अरे, हनुवटीवर तीन टिपके काढले ना तुनं? गोंदणाले नाव लागते का? पुलगावातलं शेंबडं पोरगं बी सांगन, कोन हाय ते.

अन साक्ष बी अर्धीच घेतली. त्यानं दारू सोडली, चार वर्सं थेंब नाई, हेबी सांगतलं होतं मीनं. कुठी हाय ते? दाखव ना! गिरणीतले लोक पाळी सुटली का इथं उभे राहून दात काढतेत — ‘जंगल्या, बायको तरली, तुह्यं काय?’ तो बिचारा मान खाली घालून घरी ये. देवावर सोडा, मी म्हणो. मीच म्हणो!

परवा… जाऊ दे. डोळे? धूर गेला चुलीचा. काय पाहून राह्यला असा? — बरं, पेऊन आला. झालं समाधान? मारलं नाई पण. हात धरून इथं आणलं मले, भिंतीकडे बोट केलं, ‘तू सुटली जिजा. मी कुठी हाओ?’ — अन लेकरावानी रडला.

पाळकसाहेबाले विचारून येतो म्हणतं? मले विचारलं होतं त्यायनं? — हे पाय, भोंगा झाला. पाळी सुटली, येतेच आता तो. उतर. उतर खाली, दे तो कुंचा इकडे. अन शिडी धराची नसन तर जाय तू.