नुंत्सियाताची सोन्याची पिन

मी, एर्सिलिया कापान्ना, वय ६८, धंदा बाजारात भाजलेलं डुक्कर विकणे, रा. मोंतेफेर्रो, रोमजवळ, स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, संग्रहालयाची काच मीच फोडली. मला कोणी फूस लावलेली नाही.

काचेतली पिन माझे वडील ओरेस्ते यांनी आईसाठी घडवली. वडील सोनार. परदेशी पाहुण्यांना ‘प्राचीन’ दागिने विकायचे. पिनेवर त्यांनी जुन्यात जुन्या लॅटिनमध्ये कोरलं, ‘ओरेस्तेनं मला नुंत्सियातासाठी घडवलं.’ नुंत्सियाता माझी आई. मग जुनाट दिसावी म्हणून, सवयीप्रमाणे, पिन वर्षभर डुकरांच्या गोठ्यात पुरली. लग्नाची भेट, आणि डुकरांत! आई बरेच दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

आमच्या घरात प्रत्येक नवरीच्या ओढणीला हीच पिन लागते. माझ्या नातीचं, फियाम्मेत्ताचं, लग्न रविवारी आहे. आकडा मोडला म्हणून पिन गावातल्या सोनाराकडे दुरुस्तीला दिली. त्या मेल्यानं ती संग्रहालयाच्या प्रोफेसर बाल्दास्सार्रींना दाखवली. त्यांनी ती सव्वीसशे वर्षांपूर्वीची ठरवून सरकारजमा केली.

मी म्हटलं, “अहो, नकली आहे हो! माझ्या बापानं केलीय.”

ते म्हणाले, “बाई, फटीतली माती राजाच्या थडग्यातलीच आहे.”

“डुकराची घाण आहे ती. वास घ्या.”

त्यांनी डोळे मिटून वास घेतला. म्हणाले, “अहाहा! अस्सल.”

आज सकाळी नुसती बघायला गेले होते. खाली पाटी होती: ‘ओरेस्ते, सरदार. नुंत्सियाता, बहुधा त्याची बटीक.’ माझं डोकंच फिरलं. जिनं जन्मभर माझ्या बापाला उठता-बसता झापलं, ती बटीक? पिशवीत लग्नासाठी घेतलेली खारवलेली डुकराची मांडी होती. तीच काचेवर घातली. मांडीला काही झालं नाही.

पिन आता फियाम्मेत्ताच्या ओढणीला लावली आहे. जप्त करायची तर रविवारी चर्चमध्ये या आणि सगळ्यांदेखत नवरीच्या डोक्यावरून काढून न्या.

ठाणेदारसाहेबांनी विचारलं, “मावशी, पिन नकली म्हणजे तुमचे वडील लबाड ठरतात. तसं लिहू?”

मी म्हटलं, “लिहा. ठळक लिहा. बाप लबाड होता. पण आई त्याची बायको होती.”

हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘बायको’ हा शब्द मी दोनदा वाचायला लावला. तो बरोबर आहे, बाकीचंही खरं आहे.