पाणी थोडंच खोटं बोलणार

ताई : माल परत आला तर घे परत. सहा वर्षांपूर्वी घरी बसवलेल्या बहिणीला कशाला सांगायला आलास?

भाऊ : अख्खी पेटी आलीय, ताई. बंदरावरच्या गिऱ्हाइकाकडून. उकळत्या पाण्यात आपले थर्मामीटर एकशे सहा दाखवतात म्हणे.

ताई : खुणा कोण करतं हल्ली?

भाऊ : नवी पोरगी आहे. मीच शिकवलं तिला. पाणी उकळलं की पारा थांबेल तिथं शंभरची खूण.

ताई : आणि मी कशी करायचे?

भाऊ : खालच्या कारखान्यातला जुना नमुन्याचा थर्मामीटर शेजारी ठेवून. कारखाना इथं डोंगरावर आणला आणि तुझे सगळे उकळत्या पाण्यात चौऱ्याण्णव दाखवायला लागले.

ताई : 'ताईची नजर गेली' म्हणालास. चार माणसांत.

भाऊ : नजर शाबूत होती गं तुझी. इथं वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी चौऱ्याण्णवलाच उकळतं. गिऱ्हाइकानं चिठ्ठीत समजावलंय. शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक असतं, असंही लिहिलंय खाली.

ताई : बर्फात माझे बरोब्बर शून्य दाखवायचे. घसा फोडून सांगत होते तुला.

भाऊ : बर्फ वितळायला एवढ्याशा दाबाचा काही फरक पडत नाही. म्हणून तिथं जुळायचं. आणि मी मूर्खासारखा म्हणालो...

ताई : 'आंधळ्याच्या गाई देव राखतो.' सगळे हसले होते. तूही.

भाऊ : चुकलो, ताई. ज्या हातानं मला नळी धरायला शिकवलं, त्याच हाताला नावं ठेवली. उद्यापासून ये. तुझं टेबल मी आजच रिकामं करतो.

ताई : चहा घे आधी.

(ती कप पुढे करते. बशी वाजत राहते.)

भाऊ : हे कधीपासून?

ताई : झालं वर्ष. तेव्हा नव्हतं रे हे! त्या दिवशी घरी आल्या आल्या सुईत दोरा ओवून बघितला होता. पहिल्या झटक्यात गेला.

भाऊ : मग तेव्हाच का नाही आलीस भांडायला? माझी गचांडी धरायचीस!

ताई : पाणी थोडंच खोटं बोलणार, असं वाटलं रे मला.