मेथीच्या वाफ्यातला बोका

तुम्ही हसाल, पण वहीत लिहिलेलं आहे म्हणून सांगतो. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या अक्कांचा बोका रोज माझ्या मेथीत घाण करायचा. मी संत्र्याच्या साली टाकल्या, दाट काटक्या रोवल्या, रोजची जागा वहीत नोंदली. काही फरक पडला नाही. शेवटी तो येतो कुठून ते कळावं म्हणून वाफ्यावर चुलीची राख चाळून पसरली.

सकाळी वाकून पावलं बघत होतो, तर भिंतीपलीकडून अक्का म्हणाल्या, "राख काबर पसारी भाऊ?"

"तुमच्या बोक्यासाठी."

त्या भिंतीवरून राखेकडे बघत म्हणाल्या, "नानासना दसवाले आम्ही बी दिवाखाले आशीच राख पसारी व्हती. गयेल माणूस कोनता जलमले जास ते देखाले. सकायले मांजरना पाय उठनात. मंग तिसरा दिन हाऊ बोका दारमा उना."

नाना म्हणजे त्यांचे वारलेले यजमान; दहाव्याच्या राखेत ज्याची पावलं उठतील त्या जन्माला माणूस गेला, असं त्यांच्याकडे मानतात. त्यांचा माझ्याशी एकच वाद होता, तोही वीस वर्षं. भिंत बांधताना मी त्यांची दोन हात जागा दाबली, असं ते मरेपर्यंत म्हणत.

मी घरात येऊन वही उघडली. वाफा बारा हात लांब, पण एकूण एक घाण भिंतीपासून दोन हातांच्या आत. राखेतली पावलंही बरोबर तिथूनच मागे वळली होती.

मी मेथी दोन हात अलीकडे घेतली. बोका आता त्या रिकाम्या पट्ट्यात रोज येऊन बसतो, माझ्याकडे बघत. घाण मात्र करत नाही. स्वतःच्या जागेत कोण करेल?