ताब्यात घेणाऱ्याचा रकाना

माझं नाव लिंबाजी. गाव गोरेगावपासून तीन कोस आत. बाप गावचा येसकर, म्हणजे चावडीचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं आन हाक आली की हातातलं टाकून उभं राहायचं. आमी बौद्ध झालो, येसकरकी सुटली, पण बाप अजून मागून हाक आली की दचकून थांबतो. मला तर खात्यानंच वाढवलं. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली एक साहेब गावात आले, बापाला म्हणाले, पोरगं हुशार हाय, वसतिगृहात दे. बाप म्हणला, न्या साहेब, पण परत आणून देणार का? साहेब हसले. बाप हसला न्हाई.

त्या वक्ताला खात्याचं नाव सोशल सर्विस, कागद हैदराबादेहून यायचे, वर उर्दू शिक्का. मग आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आन पाटी बदलली, मागासवर्गीय कल्याण. मग पुन्हा बदलली, समाजकल्याण. पाटी रंगवणारा बुवा एकच, तो मला म्हणला, लिंबाजीराव, मी कल्याण तेवढं राहू देतो आन त्याच्या आधीचं खरवडतो, रंग कमी लागतो. मी तवर त्याच खात्यात कारकून लागलो होतो. पुढं जिल्हा परिषद आली आन दोघा भावांची वाटणी व्हावी तशी खात्याची झाली, वसतिगृहं परिषदेच्या वाट्याला गेली, निराधार बायांचं घर सरकारकडं राहिलं. मी हिंगोलीच्या बायांच्या घरात होतो म्हणून मी सरकारच्या वाट्याला. आमच्यावर परभणी, परभणीवर औरंगाबाद, औरंगाबादेवर पुणं, अशी उतरंड. आमी सगळ्यात खालचं मडकं. वरच्या मडक्यात काय हाय ते खालच्याला दिसत न्हाई, वजन तेवढं कळतं.

माझं काम हजेरीचं. कालच्या बाया, त्यात आलेल्या मिळवा, गेलेल्या वजा करा, आजचा आकडा. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस, माझा आकडा कधी चुकला न्हाई, अन् एकही रकाना मी कधी रिकामा ठेवला न्हाई. हेच माझं चुकलं, पण ते मागाहून कळलं.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावरून कलाबाई आली. वय तिशीच्या आत, नवरा काम शोधतो म्हणून गेला तो गेलाच, मुकादमानं तिला आमच्या दाराशी आणून सोडलं. मी फारम भरून राहिलो होतो. शेवटचा रकाना, ताब्यात कोण घेईल. ती म्हणली, कोणी न्हाई. मी म्हणलं, बाई, नीट आठव, रकाना मोकळा बरा दिसत न्हाई. मग ती म्हणली, एक भाऊ हाय कनेरगाव नाक्याला. मी लिहिलं, भाऊ, कनेरगाव नाका. अक्षर असं काढलं की छापल्यावानी.

आता कायदा ऐका. ज्या बाईचा तो रकाना मोकळा, तिनं जाते म्हणलं की अंगठा घ्यायचा आन दार उघडायचं. ज्या बाईच्या रकान्यात नाव, तिला त्या नावाच्या माणसानंच न्यायचं. भावाला पोस्टानं तीन कागद पाठवले, उत्तर न्हाई. म्हणून एका रविवारी मी सोता नाक्यावर गेलो. भाऊ ढाब्यावर भट्टीपाशी रोट्या भाजून राहिला होता. म्हणला, साहेब, बायको घरात घेऊ देत न्हाई. मी म्हणलं, मग तसं लिहून दे, मी नाव खोडतो. तो म्हणला, लिहून दिलं तर लोक म्हणतील यानं पाठच्या बहिणीला टाकलं. मी म्हणलं, टाकलीच हाय ना तू? तो म्हणला, व्हय, पण कागदावर न्हाई ना. चहा पाजला त्यानं मला. आता अशा माणसाला काय करावं, सांगा.

वर कागद पाठवला, नाव खोडायची परवानगी द्या. परभणीला पोचायला चार दिवस आन उत्तर यायला चार महिने. परभणी म्हणते औरंगाबादेला विचारा, औरंगाबाद म्हणते ज्या साहेबाच्या सहीनं बाई घेतली त्याचीच सही पाहिजे, अन् ते साहेब मागाहून परिषदेकडं बदलून गेलेले. अशी सहा वर्षं गेली. कलाबाई तीस-पस्तीस माणसांचा स्वैपाक एकटी करायला शिकली. रोज हजेरीला मी नाव घेतलं की म्हणायची, हाय बापा, कुठं जाते मी, तुमीच तर भिंतीत चिणलं मला. हसून म्हणायची. मला हसू येत न्हवतं.

अशात मुलींच्या वसतिगृहात स्वैपाकिणीची जागा निघाली, हिंगोलीतच. तिथल्या बाई म्हणाल्या, कलाबाईला घेते, पण ती तुमच्या हजेरीत असली तर माझ्या हजेरीत कशी येईल? पंधरा दिवसांत सोडवा, न्हाई तर दुसरी पाहते. आन त्याच आठवड्यात माझा बदलीचा कागद आला. सहा वर्षं मागत होतो, सेनगावची जागा, गावच्या घरून जाऊन येऊन करता आली असती. आई गेली, बापाला दिसत न्हाई, हात धरून बांधाला न्यावं लागतं, ते शेजारी करतात.

आमच्या अधीक्षकबाईंनी कायद्याचं पुस्तक काढलं. म्हणाल्या, लिंबाजी, एक वाट हाय. दुसरा नातेवाईक उभा राहिला तर त्याचं नाव लावता येतं. पण तो हिंगोलीतच राहणारा पाहिजे आन दर महिन्याच्या पाच तारखेला त्यानं तिला इथं हजर करायचं. तो गाव सोडून गेला की बाई पुन्हा आत. मी म्हणलं, किती वर्षं? त्या म्हणाल्या, मुदत लिहिलेली न्हाई.

तीन दिवस मी जेवलो न्हाई बराबर. चौथ्या दिवशी रकान्यात माझं नाव लिहिलं. नात्यात लिहिलं, मानलेला भाऊ. अधीक्षकबाई म्हणाल्या, मानलेला काहून लिहिता, नुसतं भाऊ लिहा. मी म्हणलं, खोटं लिहिणार न्हाई, तुमी दोन ओळी जास्तीच्या जोडा पण मानलेला राहू द्या. त्यांनी जोडल्या आन वरून मंजूरही झालं, पहिल्यांदा पंधरा दिवसांत. बदलीचा कागद मी सही करून परत पाठवला, नको म्हणून. घरी बायको म्हणली, खात्यानं पगार वाढवला न्हाई, नणंद तेवढी वाढवली, दिवाळीला साडीचोळी आता मीच नेसवायची ना? नेसवली तिनं. हिरवी घेतली.

कलाबाई गेली त्या दिवशी दिवेलागणीच्या हजेरीला सत्तावीस आकडा लिहिला. बराबर होता.

आता दर पाच तारखेला कलाबाई येते, मुलींच्या वसतिगृहातून पितळी डब्यात थालीपीठ आणते, अंगठा देते, शेजारी मी सही करतो. परवा म्हणली, भाऊ, मी सुटले आन तुला डांबून गेले की रे. मी म्हणलं, गप, अंगठा नीट उमटव, फिसकटला तर परभणी परत पाठवेल.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, एकच दिवस, पाच तारीख जवळ होती. बापाला हिंगोलीला चल म्हणलं, तो म्हणला, मला इथल्या वाटा पायानं दिसतात, तिथल्या कशा दिसतील? मी निघालो तर बाप उंबऱ्यावर हात ठेवून बसला होता, माझ्या आवाजाकडं तोंड करून म्हणला, लिंब्या, त्या साहेबाला मी विचारलं होतं, परत आणून देणार का म्हणून. हसला होता तो. मी म्हणलं, व्हय बापा. बाप म्हणला, जा, त्या पोरीची तारीख चुकवू नको. सुखी राहू दे तिला.