कुंभिवलीची कोंबडी

चौकच्या बाजारात भागूबाई कासाराकडे बांगड्या भरून घेत होती. तिच्या पाठीमागे एक गोंदणारीण कुणाच्या तरी नव्या सुनेचा हात धरून बसली होती.

"काय गोंदू गं, मोर?"

"नको, कोंबडी. सासूच्या हातावर हाय तशी."

"गाव कुठलं तुजं?"

"कुंभिवली."

"अगं बाय, तो मोर हाय. तवा मी नवी होते. अख्ख्या गावाला तसाच गोंदला नि पळाले."

"असू दे. हातावर ती कोंबडी नसली तर जावा मला घरातली मानत नायत."

"पन आता तशी जमायची नाय गं. तो मोर सुधारण्यात माजा जन्म गेला. सासूला घेऊन ये, बघून काढते."

भागूबाईने एक हात कासाराकडेच ठेवला आणि दुसरा मागे केला.

"ही बघ. मीबी कुंभिवलीचीच."